विद्यापीठाच्या आवारातील पाणी आणि पाचोळा

गावाच्या शिवारात पडणारे पाणी आणि झाडांखाली साचणारा पालापाचोळा ही दोन्ही निसर्गाकडून विनामूल्य मिळणारी संपत्ती आहे. पाणी उताराने ओढ्यास मिळते आणि जाताना सुपीक माती घेऊन जाते. पाचोळा काडी लावून जाळला जातो. पुढे उन्हाळ्यात त्याच गावास टँकरची वाट पाहावी लागते व खताच्या पोत्यांसाठी पैसा मोजावा लागतो. ही हानी टाळता येते, हे कोल्हापूर येथील शिवाजी विद्यापीठाच्या आवाराच्या उदाहरणावरून ध्यानात येईल.

पावसाचा हिशेब

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ साली झाली. शहरालगतच्या माळरानावर त्यास सुमारे ८५३ एकर, म्हणजे ३४५ हेक्टर जमीन मिळाली. हा प्रदेश काळ्या पाषाणाचा आहे. अशा जमिनीत पाणी खडकाच्या भेगांतून व झिजलेल्या मुरमाच्या थरांतूनच खाली जाते. उतारावरून वेगाने धावणाऱ्या पाण्यास मुरण्यास अवधीच मिळत नाही. म्हणून पाण्याचा वेग कमी करणे हे पहिले काम होय.

एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला असता १०,००० लिटर पाणी मिळते. कोल्हापूर शहरात वर्षाकाठी सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस होतो. ह्या हिशेबाने विद्यापीठाच्या आवारात दरवर्षी सुमारे ३४५ कोटी लिटर पाणी पडते. त्यापैकी काही भागाची वाफ होते व काही झाडेझुडपे घेतात. तरीही उरलेल्या पाण्याचा थोडा हिस्सा अडविला, तरी तो मोठा ठरतो. आवारात तळी व विहिरी राखण्यात आल्या आहेत आणि पावसाचे पाणी त्यांच्याकडे वळविण्यात आले आहे.

ह्या साठ्याचे मोल ऑगस्ट २०१९ मधील महापुरात विशेष दिसून आले. नदीकाठची पाणी उपसा केंद्रे पुरात बुडाल्याने शहराचा पाणीपुरवठा बंद पडला. चोहीकडे पाणी असूनही पिण्यास पाणी नाही, अशी स्थिती झाली. त्या वेळी विद्यापीठाच्या आवारातील पाणी शहरवासीयांच्या उपयोगी पडले. उंचावर साठविलेले पाणी अवर्षणात तर कामी येतेच, परंतु अतिवृष्टीतही ते आधार देते, हा ह्यातील बोध आहे.

पाचोळा जाळू नये

वृक्षांनी भरलेल्या कोणत्याही आवारात पानगळीच्या दिवसांत पाचोळ्याचे ढीग साचतात. ते जाळल्याने धूर होतो आणि पानांतील नत्र वाया जाते. तोच पाचोळा कुजविल्यास उत्तम खत होते. ह्या कामाची शास्त्रीय पद्धत १९२४ ते १९३१ ह्या काळात इंदूर येथील संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड ह्यांनी सिद्ध केली. ती इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते.

सावलीच्या व पाणी न तुंबणाऱ्या जागी सुमारे ३ फूट खोल खड्डा घ्यावा. पाचोळ्याचा अर्धा फूट जाडीचा थर देऊन त्यावर शेणकाला शिंपडावा. मग थोडी राख व माती पसरावी. असे थर एकावर एक रचावेत. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका असावा. ढीग दोन-तीन वेळा उलथापालथ केल्यास हवा खेळती राहते आणि सुमारे तीन-चार महिन्यांत खत तयार होते. काच, प्लॅस्टिक व पत्रा प्रथमच वेगळा काढावा, नाहीतर तो खतातून शेतात जाईल.

काम टिकावे कसे?

विद्यापीठासारख्या ठिकाणी एक अडचण नेहमीची आहे. विद्यार्थी दोन-तीन वर्षांत शिक्षण पुरे करून निघून जातात. एका वर्षीचा उत्साह पुढच्या वर्षी राहत नाही आणि लावलेली रोपे पाण्यावाचून वाळतात. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तेव्हापासून श्रमदान हे विद्यार्थिजीवनाचे अंग झाले आहे. परंतु श्रमदान एका दिवसाचे आणि निगा वर्षभराची, हा भेद विसरता कामा नये. किती रोपे लावली ह्यापेक्षा दुसऱ्या उन्हाळ्यानंतर किती जगली, ह्याची नोंद अधिक महत्त्वाची. जाणाऱ्या तुकडीने आपली नोंदवही येणाऱ्या तुकडीच्या हाती द्यावी. त्यामुळे काम माणसावर अवलंबून न राहता संस्थेचे होते.

गावातही हेच घडते. बांधलेला बंधारा गाळाने भरतो, कारण तो कोणी साफ करावा हे ठरलेले नसते.

ग्रामसेवकांनी करावयाची कामे

१. गावाचे क्षेत्र व सरासरी पाऊस ह्यांवरून पाण्याचा हिशेब मांडून तो ग्रामसभेत वाचून दाखवावा. ५०० हेक्टरांच्या गावात ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तरी २५० कोटी लिटर पाणी पडते, हे लोकांस कळले पाहिजे.

२. काम माथ्याकडून पायथ्याकडे करावे. प्रथम उतारावर समपातळीत चर, मग नाल्यात दगडी बांध व शेवटी तळे, असा क्रम ठेवावा.

३. तळ्यातील गाळ व सांडवा ह्यांची पाहणी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व्हावी. तिची जबाबदारी ठरावीक व्यक्तींवर सोपवावी.

४. शाळा व महाविद्यालय ह्यांच्या आवारात खताचा खड्डा करून मुलांच्या हाती नोंदवही द्यावी. मुलांनी पाहिलेली गोष्ट घराघरांत पोहोचते.

आपल्या आवारात जे पडते ते आपल्याच आवारात मुरवावे, हा नियम विद्यापीठास व खेड्यास सारखाच लागू आहे. तो पाळण्यास फार पैसा लागत नाही. मात्र दरवर्षी न चुकता पाळणारी माणसे लागतात, आणि ती तयार करणे हेच ग्रामसेवकाचे खरे कार्य होय.