गाव उभे करणाऱ्यांचा मान

शास्त्रपाठ : लूक ७:१-१०, रोमकरांस पत्र १३:७



कफर्णहूमातील शताधिपतीची गोष्ट आपण बहुधा त्याच्या विश्वासासाठी वाचतो. या खेपेस मी तुमचे लक्ष त्याच्यासाठी रदबदली करायला आलेल्या यहूद्यांच्या वडील मंडळींकडे वेधू इच्छितो. शताधिपती परजातीय होता, सैन्यातला अधिकारी होता. तरीही हा आमच्या लोकांवर प्रीती करतो आणि आमचे सभास्थान यानेच बांधून दिले, असे त्यांनी प्रभूला सांगितले.

यातून तीन गोष्टी शिकाव्यात. पहिली, त्यांनी नुसते ‘भला माणूस’ म्हटले नाही, त्याचे काम नेमके सांगितले. दुसरी, तो आपल्यातला नाही म्हणून त्याचे श्रेय राखून ठेवले नाही. तिसरी, शताधिपतीने स्वतः मान मागितला नाही. तो तर स्वतःला अपात्र म्हणत होता. खरा मान मागून मिळत नाही, तो इतरांनी द्यायचा असतो.

पौल रोमकरांस लिहिताना कर आणि मान या दोन्ही गोष्टी एकत्र सांगतो. कर भरणे हे जसे उपकार नव्हे, तसे मान देणे हाही उपकार नव्हे. ते आपल्याकडून येणे असलेले देणे आहे. त्याच पत्राच्या शेवटी तो नगराचा खजिनदार एरास्त याचा नावानिशी उल्लेख करतो. फिलिप्पैमध्ये लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करी. तिचे घर पौलाच्या सोबत्यांसाठी उघडले. कारभार आणि व्यापार हेही सेवेचे क्षेत्र होऊ शकते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे पाहू या. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचे गाव आहे. तिथे ग्रामसभा सर्वांच्या सहमतीने निर्णय घेते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर नेण्याच्या परवान्यासाठी झगडावे लागले. एप्रिल २०११ मध्ये तो अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. गावाचे पुढारी देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी यांच्या चिकाटीने बांबूचा व्यापार गावाच्या मालकीचा झाला.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे महादेव कोळी समाजातल्या. शाळेत न गेलेल्या या माउलीने गावरान बियाणे जपले, बियाणे बँक उभी केली आणि शेतकऱ्यांपर्यंत ते पोहोचवले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

ही उदाहरणे मी एका कारणासाठी देतो. आदिवासी पाडा म्हटले की आपल्या मनात पसरलेले हात येतात. पण तिथे देणारे हातही आहेत. उधारीवर मीठ-तेल देऊन पावसाळा काढून देणारा किराणा दुकानदार, गणवेश शिवणारी बाई, दाखल्यासाठी तहसील कार्यालयाच्या खेपा घालणारा सरपंच, रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेणारा जीपवाला. पाडा आपल्या आधीपासून यांच्या आधारावर उभा आहे.

आपण शहरातून शिवलेले गणवेश ट्रक भरून नेले, तर मुलांना कपडे मिळतात, पण शिवणाऱ्या बाईचा हंगाम बुडतो. आपण फुकट धान्य वाटले आणि दुकानदाराला विचारलेही नाही, तर पुढच्या अडचणीत उधार देणारा कोणी उरेल का? दुष्काळात वा पुरात फुकट मदत लागतेच. पण एरवी आपल्या दानाने गावातल्या कर्त्या माणसाचे पाय लटपटू नयेत. म्हणून मला वाटते, मानपत्र आणि शाल-श्रीफळ याआधी मान व्यवहारात दिसावा. गणवेशाचे काम तिथल्याच बाईला द्यावे. मध, हळद, बांबूच्या टोपल्या घासाघीस न करता योग्य भावाने घ्याव्यात. नवे काम सुरू करण्याआधी ग्रामसभेपुढे बसून विचारावे. आणि आपल्या अहवालात त्यांच्या कामाचा वाटा स्पष्ट लिहावा.

मान म्हणजे खुशामत नव्हे. जो सावकार पिळतो, जो पुढारी योजनेचे पैसे खातो, त्याला व्यासपीठावर बसवणे हा गरिबांचा अपमान आहे. वडील मंडळींनी शताधिपतीचे पद पाहिले नाही, लोकांसाठी त्याने काय केले ते पाहिले. आपलीही कसोटी हीच असावी.

चिंतनासाठी प्रश्न
१. आपल्या मंडळीबाहेरच्या कोणाच्या कामामुळे आपले गाव टिकून आहे?
२. आपल्या दानामुळे कोणाची रोजी बुडते का?
३. या तिमाहीत आपण कोणाचे देणे, म्हणजे मान, फेडणार?

प्रार्थना : हे प्रभू, पाड्यापाड्यांत तू उभ्या केलेल्या माणसांना ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे. त्यांचे हात बळकट कर, आणि आमची मदत त्यांच्या आड येऊ देऊ नको. आमेन.