पेशीला वरची बाजू कळते कशी?

प्रश्न : मुलीच्या अकरावीच्या पुस्तकात आतड्याच्या पेशीची वरची बाजू वेगळी आणि खालची वेगळी दाखवली आहे. पण पेशीचं आवरण सलग असतं ना? मग प्रथिनं आपापल्या बाजूलाच कशी राहतात?
— एक वाचक, गारखेडा, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आवरण नुसतं सलग नाही, तेलासारखं प्रवाही असतं. मोकळं सोडलं तर प्रथिनं त्यात सरमिसळ होतील, आणि मग उन्हाळ्यात पाजलेलं ओआरएस वाया जाईल. अन्नाकडच्या बाजूचं एक प्रथिन साखर आणि सोडियम जोडीनं आत ओढतं. रक्ताकडच्या बाजूचा पंप तेच सोडियम पुढे ढकलतो, आणि त्याच्यामागे पाणी जातं. हा पंप चुकून वर आला, तर सोडियम पुन्हा आतड्यातच पडेल.

शेजारच्या पेशींमधले घट्ट जोड ही सरमिसळ अडवतात. पण मुळात बाजू ठरवतं कोण? १९८८ मध्ये केन केम्फ्यूस आणि सहकाऱ्यांनी एक मिलिमीटरच्या सी. एलेगन्स या कृमीत त्याचा माग काढला. त्याच्या अंड्याचं पहिलं विभाजन असमान असतं : एक पेशी मोठी, एक लहान. काही जनुकं बिघडली की दोन्ही सारख्याच होत. ही ‘पार’ जनुकं. त्यांच्या प्रथिनांपैकी पार-३ आणि पार-६ ही एपीकेसी या विकराबरोबर एका टोकाला असतात, पार-१ दुसऱ्या टोकाला. पार-१ त्यांच्या हद्दीत शिरलं, की एपीकेसी त्याला फॉस्फेट चिकटवतं आणि ते आवरणावरून सुटतं. पार-१ही पार-३ला तसंच हुसकावतं. म्हणजे सीमेवर भिंत नाही, अखंड हुसकाहुसकी आहे. मला या शोधातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं. आतड्याच्या पेशीतही वरची-खालची बाजू राखण्यात हीच प्रथिनं असतात.

यावरचं संशोधन आपल्याकडेही चालतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत महेंद्र सोनवणे यांचा गट झेब्राफिशची त्वचा अभ्यासतो. तिच्या सर्वांत वरच्या पेशींवर सूक्ष्म, नागमोडी कंगोरे असतात. एपीकेसी नसेल तर एलजीएल हे एरवी दूर ठेवलं जाणारं प्रथिन वरच्या पृष्ठभागावर येतं आणि कंगोरे भलतेच लांबतात, असं या गटानं २०१६ मध्ये दाखवलं.

ही हुसकाहुसकी जन्मभर चालू राहावी लागते. जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरीचे काही प्रकार ‘कॅगए’ नावाचं प्रथिन आपल्या पेशीत टोचतात. ते पार-१लाच जखडतं, जोड सैल होतात, पेशीची वर-खालीची ओळख बिघडते. जठराच्या कर्करोगाचा धोकाही याच प्रकारांमुळे जास्त असतो.