परवानगी बदलते, पण टिकत नाही

प्रश्न : माझ्या संगणकावर विंडोज आणि उबुंटू दोन्ही आहेत. विंडोजच्या डी ड्राइव्हमधल्या फोल्डरवर उबुंटूतून 'सीएचमॉड' चालवतो. चूक दाखवत नाही, पण परवानगी तशीच राहते. कधीकधी तर फाइल सेव्हसुद्धा होत नाही. डिस्क खराब झाली का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : घाबरू नका, एवढ्यावरून डिस्क खराब म्हणता येत नाही. तुमचा ड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीचा आहे. लिनक्सच्या मालक-गट परवानग्या त्यात सहसा थेट नोंदल्या जात नाहीत. ड्राइव्ह जोडताना, म्हणजे माउंट करताना, त्या सगळ्या फाइलींना सरसकट लागू होतात. म्हणून बदल 'एफएसटॅब' फाइलीतल्या त्या ड्राइव्हच्या ओळीत करा. तिथे 'यूआयडी' आणि 'जीआयडी' म्हणजे तुमचे क्रमांक (उबुंटूत पहिल्या वापरकर्त्याचे बहुधा १०००, टर्मिनलमध्ये 'आयडी' टाइप करून खात्री करा), 'डीमास्क' ०२२ आणि 'एफमास्क' १३३ द्या. मग लिहिण्याचा हक्क फक्त तुम्हाला, बाकीच्यांना नुसतं वाचता येईल. 'नोफेल'ही जोडा, म्हणजे ड्राइव्ह सापडला नाही तरी उबुंटू सुरू होईल. आधी या फाइलीची प्रत मात्र ठेवाच. ड्राइव्ह अनमाउंट करून 'सुडो माउंट -ए' चालवा. चूक दिसली तर ती सुधारल्याशिवाय रीस्टार्ट करू नका.

सेव्ह न होण्यामागे बहुतेक विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' असतं. त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्स ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतो. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा. जबरदस्तीने लिहायला जाऊ नका, त्यात फाइली खरोखर जातात.