दोन गावांमधली पायवाट : नकाशा आणि वहिवाट

प्रश्न : शेजारच्या गावाला शेतांतून जाणारी जुनी पायवाट सार्वजनिक आहे की नाही, हे कसे कळावे?

उत्तर : महाराष्ट्रात याचा पहिला पुरावा म्हणजे गाव नकाशा. तो तलाठी कार्यालयात पाहता येतो आणि त्याची नक्कल भूमी अभिलेख कार्यालयातून मिळते. नकाशात पायमार्ग एकेरी तुटक रेषेने, तर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवतात. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते. रेषा गावाच्या शिवेपाशी थांबते, कारण नकाशा त्या एकाच गावाचा असतो. पुढची वाट पाहायला शेजारच्या गावाचा नकाशा घेऊन दोन्हींची शीव जुळवावी लागते.

नकाशात रेषा नसली, तरी वाट बेकायदा ठरत नाही. वर्षानुवर्षांच्या वहिवाटीनेही हक्क निर्माण होतो. मात्र तो सिद्ध करावा लागतो. चालू वाट कोणी नांगरली किंवा काटेरी कुंपणाने अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो दाखल करावा लागतो. स्वतःच्या शेतात जायला वाटच नसेल, तर शेतकऱ्याला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 खाली इतरांच्या बांधावरून वाट मागता येते. हे कलम फक्त जमीनधारकांसाठी आहे. केवळ पायी फिरायला निघालेल्यांना त्याचा आधार घेता येत नाही.