डीव्हीडीचा साचा आणि कॅमेऱ्याचे मोठे चित्र

निकाह, वलीमा, मदरशाचा वार्षिक जलसा, नव्या दुकानाचे उद्घाटन अशा कार्यक्रमांचे चित्रीकरण करून संसार चालविणारे आमचे अनेक बांधव लहान गावांतून आहेत. घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगावसारख्या बाजारपेठेच्या गावी शूटिंग, मिक्सिंग आणि डिस्क करून देणे ही तिन्ही कामे बहुधा एकच माणूस करतो. त्याच्याकडे कॅमेरा नवा आहे, संगणक बरा आहे. पण डीव्हीडी करावयास बसला की घोटाळा होतो. सॉफ्टवेअर फाइल घेत नाही, किंवा घेते आणि टीव्हीवर नवरदेव उभट दिसू लागतो. या लेखात आम्ही याच अडचणीचे मूळ सांगणार आहोत.

डीव्हीडीचा जमाना सरला हे आम्हांस मान्य आहे. नव्या लॅपटॉपला डिस्क घालावयाची जागाच नसते. अॅडोबीचे एन्कोर हे नावाजलेले सॉफ्टवेअर २०१२ च्या सीएस६ आवृत्तीनंतर पुढे आले नाही, आणि अॅपलने २०११ पासून नव्या संगणकांबरोबर आयडीव्हीडी देणे बंद केले. तरीही नवरीच्या आजोबांच्या टीव्हीखाली प्लेयर असतो, अल्बमच्या कव्हरात डिस्कची खाच असते, आणि वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाची कॅसेट घेऊन कोणी तरी दुकानात येतेच. काम कमी झाले आहे, संपलेले नाही. जे आहे ते नीट करून द्यावे.

दोष सॉफ्टवेअरचा नाही

फाइल नाकारली गेली की आमचा कारागीर शेजारच्या गावाहून दुसरे सॉफ्टवेअर आणतो, बहुधा चोरीचे. तेही अडते. मग तिसरे. हा वेळ फुकट जातो, कारण अडवणूक सॉफ्टवेअरची नसून डिस्कच्या नियमांची आहे. विटा थापणाऱ्याचा लाकडी साचा जसा ठरलेल्या मापाचा असतो, माती कितीही आणा, वीट त्याच मापाची निघते, तसेच हे आहे. कुंभाराच्या नावाच्या गावी हे अधिक फोडून सांगावयास नको.

हा साचा जुना आहे. डीव्हीडी प्लेयर प्रथम १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये विक्रीस आला. पण चित्राच्या एका ओळीत ७२० ठिपके हे माप त्याही आधीचे, १९८२ साली दूरदर्शन प्रसारणासाठी ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकातले आहे. भारतात पाल पद्धत असल्याने आपल्या डीव्हीडीचे पूर्ण चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे, सेकंदाला २५ चित्रे. त्याशिवाय ७०४ बाय ५७६, ३५२ बाय ५७६ आणि ३५२ बाय २८८ एवढीच मापे चालतात. अमेरिकी एनटीएससी पद्धतीत ५७६ च्या जागी ४८० आणि २८८ च्या जागी २४० ओळी येतात. संपली यादी. यात १२८० बाय ७२० नाही, १९२० बाय १०८० नाही, आणि फोर के तर नाहीच. एकेकाळी सुपर व्हीसीडी नावाची डिस्क होती, तिचे ४८० बाय ५७६ हे मापसुद्धा डीव्हीडीत बसत नाही.

आता थोडा हिशेब. फुल एचडीच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. डीव्हीडीच्या चित्रात ४,१४,७२०. भागाकार करून पाहा, बरोबर ५ येतो. म्हणजे एचडीत घेतलेल्या प्रत्येक पाच ठिपक्यांमागे डिस्कवर एकच उरतो. फोर के कॅमेऱ्याच्या चित्रात ८२,९४,४०० ठिपके, तेव्हा तिथे वीसांत एक. गिऱ्हाइकाकडून 'फोर के शूटिंग' म्हणून जादा पैसे घेतले आणि हाती फक्त डीव्हीडी दिली, तर त्याने मोजलेल्या मालाचा विसावा हिस्सा त्याच्या घरी पोचला. काही ठिकाणी डीव्हीडीच्या कव्हरावर ठळक अक्षरांत 'एचडी' छापलेले असते. आमच्या मते हे मापात पाप आहे, मग ते अज्ञानाने का असेना.

सॉफ्टवेअर तीन तऱ्हेने वागते. काही सरळ सांगते की हा आकार चालत नाही, ते प्रामाणिक. काही न विचारता चित्र लहान करून घेते. कसे केले ते कारागिराला कळत नाही, आणि बिघाड दिसतो तो थेट गिऱ्हाइकाच्या घरी. तिसरी तऱ्हा वाईट: फाइल जशीच्या तशी डिस्कवर उतरते, संगणकावर उत्तम चालते, आणि टीव्हीखालच्या प्लेयरमध्ये घातली की पडदा काळा. याचे कारण असे की डिस्क दोन प्रकारची असते. नुसत्या फाइली ठेवलेली डेटा डिस्क वेगळी, आणि ऑथरिंग करून व्हिडिओ टीएस नावाच्या फोल्डरात चित्र, आवाज व मेनू ठरलेल्या बांधणीत बसवलेली डीव्हीडी-व्हिडिओ वेगळी. संगणक दोन्ही वाचतो. साध्या प्लेयरला दुसरीच हमखास कळते.

तेव्हा लहान करण्याचे काम सॉफ्टवेअरवर न सोडता मिक्सिंगच्या वेळी स्वतः करावे. एडियस, प्रीमियर, जे वापरता त्यात काम मूळ एचडी मापातच पुरे करावे आणि शेवटी ७२० बाय ५७६ ची एमपेग-२ फाइल काढून ती ऑथरिंगमध्ये द्यावी. डीव्हीडीस्टायलर हे फुकट आणि कायदेशीर सॉफ्टवेअर आहे. साध्या मेनूच्या लग्नाच्या डिस्कला ते पुरते.

उभट नवरदेव आणि उभा मोबाइल

७२० बाय ५७६ याच मापात जुन्या टीव्हीचे ४:३ चित्रही साठते आणि रुंद टीव्हीचे १६:९ चित्रही. ठिपके तेवढेच, पडद्यावर ताणायचे किती, हे फाइलीतील एक खूण प्लेयरला सांगते. रुंद चित्रावर चुकून ४:३ ची खूण पडली की सगळे वऱ्हाड उभट आणि बारीक होते. उलट झाले की सगळे जाड. ही खूण मिक्सिंगमधून फाइल काढताना एकदा आणि ऑथरिंगमध्ये दुसऱ्यांदा निवडावी लागते, आणि दोन्हीकडे ती एकच हवी. तरीही तक्रार आली तर गिऱ्हाइकाच्या प्लेयरची टीव्हीच्या आकाराची सेटिंग पाहावी. पुष्कळदा टीव्ही नवा रुंद येतो आणि प्लेयर जुन्याच सेटिंगवर राहतो.

मोबाइल उभा धरून घेतलेले चित्रण हा आजचा मोठा त्रास. नातेवाईक मोठ्या हौसेने ते आणून देतात. उभे चित्र आडव्या पडद्यात पूर्ण बसवले तर ते रुंदीचा जेमतेम तिसरा हिस्सा व्यापते आणि उरलेले दोन हिस्से काळे राहतात. डीव्हीडीवर त्या चित्राच्या वाट्याला साधारण २२८ बाय ५७६ ठिपके येतात. चेहरा ओळखू येतो, दागिन्याचे नक्षीकाम दिसत नाही. ताणून पडदा भरण्याच्या फंदात पडू नये. काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात.

वेगाचेही तसेच. मोबाइल बहुधा सेकंदाला ३० चित्रे घेतो, पालच्या डिस्कला २५ लागतात. दर सेकंदाला पाच चित्रे गाळली की चालणारा माणूस अडखळत चालल्यासारखा दिसतो. कॅमेऱ्यात २५ किंवा ५० निवडण्याची सोय असेल तर मंडपात शिरण्यापूर्वीच निवडावी. नंतर इलाज नाही. सगळेच चित्रण मोबाइलवरचे असेल तर एनटीएससीची डिस्क काढणे हा मार्ग आहे. तिथे वेग जुळतो, पण ओळी ४८० म्हणजे एचडीचा सहावा हिस्सा. आपल्याकडचे बहुतेक प्लेयर दोन्ही पद्धती चालवतात. उलटपक्षी, अमेरिकेतील नातेवाइकांना पाठवावयाची डिस्क एनटीएससीचीच असावी. तिकडच्या घरगुती प्लेयरवर पाल बहुधा चालत नाही.

मिनिटांचा हिशेब

माप बरोबर असूनही चित्र चौकडे-चौकडे पडलेले दिसते, त्याचे कारण म्हणजे कोंबाकोंबी. एका थराच्या डिस्कवर ४.७ जीबी मावते. आमच्या कारागिरांसाठी सोपा आडाखा असा: ६०० ला मिनिटांनी भागावे. येणारा आकडा म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट खर्च करता येतील तो, आवाजासकट. ९० मिनिटांच्या कार्यक्रमाला साडेसहाच्या वर मिळतात, चित्र छान येते. दोन तासांना ५, ठीक. तीन तासांना ३.३ आणि इथे नाचणाऱ्या मुलांचे हातपाय विरघळू लागतात. नियमाने चित्राला ९.८ पर्यंत मुभा आहे. पण घरी बर्न केलेल्या डिस्कवर ८ च्या वर जाऊ नये, जुने प्लेयर अडखळतात. आवाज पीसीएममध्ये ठेवला तर तोच दीड मेगाबिट खातो, डॉल्बीच्या एसी-३ मध्ये ०.२ मध्ये भागते. आवाज मात्र ४८ किलोहर्ट्झचाच लागतो.

तीन तासांचा कार्यक्रम असेल तर दोन डिस्क कराव्यात. कोऱ्या डिस्कचे काही रुपये वाचविण्यासाठी हजारोंचे शूटिंग खराब करणे हा व्यापार नव्हे.

लहान माप कुठे चांगले

लहान माप नेहमी वाईटच असते असे मात्र नाही. जुन्या व्हीएचएस कॅसेटी डिस्कवर उतरवताना ३५२ बाय ५७६ हे माप उत्तम ठरते. व्हीएचएसच्या चित्रात आडवा तपशील सुमारे २४० रेषांचाच असतो. त्याला ७२० ठिपक्यांचे घर दिले तरी राहणारी माणसे तेवढीच. निम्म्या रुंदीत डिस्कची जागा वाचते आणि चित्र कमी फुटते. फक्त हे माप ४:३ साठीच आहे, पण जुन्या कॅसेटी त्याच आकाराच्या असल्याने अडत नाही.

याचे मोठे उदाहरण आमच्याच राज्यातील मालेगावचे आहे. यंत्रमागांच्या या गावात व्हिडिओ पार्लर चालविणारे नासिर शेख यांनी घरगुती कॅमेऱ्यावर चित्रपट काढले आणि दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून ते मिक्स केले. 'मालेगाव के शोले' हा त्यांतला सर्वांत गाजलेला. तेथील मंडळींच्या उद्योगावर फैजा अहमद खान यांनी २००८ साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि त्याचे नाव देशाबाहेरही झाले. व्हीसीआरवरून व्हीसीआरवर उतरवताना प्रत्येक प्रतीत चित्र थोडे झिजते. अशा कॅसेटींना डिस्कवर मोठे माप देऊन गेलेला तपशील परत येत नाही. असलेल्या सर्वांत आधीच्या कॅसेटीवरून उतरवले तरच फरक पडतो.

जुन्या व्हीसीडी घेऊन येणाऱ्यांचे काम तर याहून सोपे. व्हीसीडीचे ३५२ बाय २८८ हे माप डीव्हीडीला चालते, तिची एमपेग-१ बांधणीही चालते. चित्राला हात न लावता केवळ आवाज ४४.१ वरून ४८ किलोहर्ट्झवर आणावा. जी सॉफ्टवेअर अशी फाइल पुन्हा नव्याने फिरवतात ती चित्र उगाच खराब करतात. त्यांतील 'पुन्हा एन्कोड करू नये' अशा अर्थाची सोय शोधून चालू करावी.

नावाच्या पाट्यांविषयी एक सूचना. एचडी पडद्यावर नाजूक उर्दू नस्तालीक किंवा बारीक देवनागरी फार देखणी दिसते. डीव्हीडीवर उर्दूचा नुक्ता आणि मराठीचा अनुस्वार पहिल्यांदा उडतो. मग कुंभार पिंपळगावचे 'कुभार पिपळगाव' होते, आणि उर्दूत तर नुक्ता गेला की अक्षरच बदलते. अक्षर जाड घ्यावे, आडव्या रेषा निदान दोन ओळींच्या जाडीच्या ठेवाव्यात, आणि कडेला दहावा हिस्सा मोकळा सोडावा. जुने टीव्ही कडा कापतात.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मूळ चित्रणाचा आहे. हार्ड डिस्क भरली की पोच झालेल्या लग्नाच्या फाइली पुसून टाकण्याचा रिवाज आहे. जागा विकत घ्यावी लागते, आम्ही कारागिराला दोष देत नाही. पण गिऱ्हाइकाकडे फक्त डीव्हीडी असेल तर त्या दिवशी त्या कुटुंबाच्या आठवणीतले पाचांतले चार हिस्से कायमचे गेले. आज टीव्ही लहान आहे म्हणून कळत नाही. दहा वर्षांनी मुलगी मोठ्या पडद्यावर आपल्या मरहूम नानीचा चेहरा शोधू लागेल तेव्हा कळेल. म्हणून डीव्हीडीसोबत एचडीतील पुरी फाइल पेनड्राइव्हवर द्यावी, त्याचे पैसे वेगळे लावावेत, आणि बिलावर दोन ओळी स्वच्छ लिहाव्यात: 'डीव्हीडी: ७२० बाय ५७६. पेनड्राइव्ह: १९२० बाय १०८०. मूळ चित्रण अमुक तारखेपर्यंत सांभाळले जाईल.' तारीख खरी लिहावी, आणि पुसण्यापूर्वी एक फोन करावा.

ब्लू-रे डिस्कवर १९२० बाय १०८० मावते आणि एका थरात २५ जीबी जागा मिळते. पण तिचा प्लेयर गिऱ्हाइकाच्या घरी आहे का, हे आधी विचारावे. आमच्या भागात बहुधा नसतो. पेनड्राइव्ह देताना तो फॅट ३२ पद्धतीने फॉर्मॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसणार नाही. जुने टीव्ही बहुधा हीच पद्धत वाचतात, तेव्हा निकाह, वलीमा, रुखसती असे तुकडे करून द्यावेत. फाइल एच-२६४ मध्ये काढावी, कारण त्यानंतरची एच-२६५ जुन्या टीव्हीला कळत नाही. आणि पेनड्राइव्ह हाती देण्यापूर्वी तो संगणकावर नव्हे, दुकानातल्या टीव्हीलाच लावून पाहावा.