रोहितांचा थवा मोजायचा कसा?

प्रश्न : भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) मोठा थवा दिसला. ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर आकडा काय लिहू?

उत्तर : अंदाज लिहा, पण मोजून केलेला. कडेचे दहा पक्षी नीट मोजा, ते किती जागा व्यापतात ते बघून ठेवा आणि तेवढ्या जागेचे गट थव्यावर मोजत जा. थवा फारच मोठा असेल तर पन्नासाचा गट धरा. जात ओळखायला चोचही बघाच : मोठ्या रोहिताची गुलाबी, टोकाला काळी, लहानाची गडद, काळपट लाल. वेळ, कालावधी, कापलेलं अंतर लिहायला विसरू नका. कावळे-साळुंक्याही गाळू नका. ओळखलेला प्रत्येक पक्षी नोंदवला तरच यादी पूर्ण ठरते आणि त्या दिवशी काय दिसलं नाही, हेही अभ्यासकांना कळतं. नावाडी फोटोसाठी होडी थव्यात घालू लागला, तर कृपा करून थांबवा. रोहितांचं खाणं मोडतं.