जुन्या टी. व्ही. खेळाचे हातखेळणे

आपल्याकडे इ. स. १९९० नंतरच्या दशकात टी. व्ही.ला जोडून खेळावयाचे कॅसेटचे खेळ पुष्कळ घरी आले. जपानातील निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली 'फॅमिकॉम' नावाचे यंत्र काढले होते; आपल्या बाजारांत मिळत ती बहुतेक यंत्रे त्याच्याच नकला होत. आज ती कित्येक माळ्यांवर धूळ खात पडली आहेत. अशा यंत्रास स्वतःचा पडदा व स्वतःची बॅटरी देऊन ते हातात धरून खेळण्याजोगे करता येईल काय? धानोऱ्यासारख्या गावी, जेथे घरात एकच टी. व्ही. आणि त्यावर हक्क सांगणारे पाचजण, तेथे हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर 'होय' असे आहे. मात्र हे काम करवतीपेक्षा वहीपेन्सिलीनेच अधिक साधते, हे आम्ही येथे दाखवू इच्छितो.

या उद्योगास पूर्वपरंपरा आहे. अमेरिकेतील बेन हेकेन्डॉर्न या गृहस्थाने २००० साली अटारी कंपनीचे १९७७ मधील यंत्र घरीच कापूनजोडून हातात मावेल असे केले. पुढे अनेकांनी तोच मार्ग धरला. त्याआधी १९८९ साली निन्टेन्डोने 'गेम बॉय' हे हातयंत्र विकावयास काढले. त्याच्या पडद्यास ना रंग होते, ना आतून उजेड. परंतु चार पेन्सिल सेलांवर ते दहा तासांहून अधिक चाले. प्रतिस्पर्ध्यांची रंगीत, उजळ यंत्रे सहा सेल काही तासांतच संपवीत. गिऱ्हाइकांनी पहिल्याच यंत्रास पसंती दिली. हातयंत्राचा पहिला गुण काटकसर हाच होय.

आता आपल्या यंत्राकडे वळू. ज्यास पिवळ्या तोंडाची चित्रतार लागते, असाच खेळ निवडावा. पडदा म्हणून मोटारीत मागचे दिसण्यासाठी बसवितात तो ४.३ इंची पडदा चालतो. तो आपल्याकडील पाल पद्धतीचे चित्र घेतो की नाही, हे दुकानदारास विचारून घ्यावे. आवाजासाठी लहान स्पीकर व ध्वनिवर्धकाची तयार पट्टी पुरे.

खेळाच्या हातकळीवर आठ कळा असतात. पण तिच्यातून यंत्राकडे पाचच तारा जातात. हे कसे? दोन तारा विजेच्या. तिसरीवरून यंत्र हुकूम देते, 'आहात तसे थांबा.' चौथीवरून ते एकेक ठोका देते आणि पाचवीवरून दर ठोक्यास एकेका कळीचे उत्तर येते: दाबलेली की मोकळी. वर्गात गुरुजी हजेरी घेतात तशीच ही रीत! पडद्यावरील प्रत्येक नव्या चित्रागणिक, म्हणजे सेकंदास सुमारे ५० वेळा, अशी हजेरी होते. म्हणून हातकळीतील पट्टी मोडू नये. ती जशीच्या तशी नव्या डब्यात बसवून पाचच तारा जोडाव्यात.

खरी परीक्षा विजेची. यंत्राचा अॅडॅप्टर बहुधा ९ व्होल्टचा असतो, पण आतील कामास ५ व्होल्टच लागतात. मधले ४ व्होल्ट ७८०५ नावाचा तीन पायांचा भाग उष्णता करून उडवितो. म्हणजे ९ भागांतील ४ भाग वाया! बॅटरीवर ही उधळपट्टी परवडत नाही. तो भाग काढून त्याच्या जागी ५ व्होल्ट थेट द्यावेत. भागावरील अक्षरे समोर व पाय खाली धरले असता उजवा पाय ५ व्होल्टचा व मधला ऋण असतो. त्या दोन छिद्रांत तारा डागाव्यात. उलटसुलट झाल्यास यंत्र जळेल, म्हणून आधी मल्टिमीटरने खात्री करावी.

आता हिशेब. समजा, मोजले असता यंत्र ५ व्होल्टवर ०.२ अँपिअर घेते, म्हणजे १ वॉट. पडदा १२ व्होल्टवर ०.२ अँपिअर, म्हणजे २.४ वॉट घेतो. परंतु ५ चे १२ व्होल्ट करणाऱ्या पट्टीत काही शक्ती गळते, म्हणून तेथे २.८ वॉट धरावेत. एकूण ३.८ वॉट. पॉवर बँकेवर १०,००० मिलिअँपिअर-तास लिहिलेले असते. विद्यार्थी त्यास ५ ने गुणून ५० वॉट-तास मानतो, गळती विसरून त्यास ३.४ ने भागतो आणि जवळजवळ १५ तासांची आशा धरतो. पण तो आकडा आतील ३.७ व्होल्टच्या सेलाचा असतो: ३७ वॉट-तास. त्यातून गळतीचा पाचवा हिस्सा वजा जाता २९.६ उरतात, त्यास ३.८ ने भागता सुमारे पावणेआठ तास येतात. आशा अर्ध्यावर आली! डबा कापण्यापूर्वीच हे कळणे किती बरे!

सुट्या लिथियम सेलांचा मोह मात्र टाळावा. जुन्या मोबाईलचा फुगलेला सेल टोचला, दाबला अथवा त्याची टोके एकमेकांस भिडली, तर तो पेट घेतो आणि हात व घर दोन्ही धोक्यात येतात. संरक्षक पट्टी असलेली तयार पॉवर बँकच वापरावी व तीही उघडू नये. जुन्या काचनळीच्या टी. व्ही.स तर तो बंद असतानाही हात घालू नये; त्यात जीवघेणा दाब साठून राहतो. डाग देताना वडीलधारे माणूस जवळ असावे, खिडकी उघडी असावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

कॅसेट चालेनाशी झाली की तोंडाने फुंकण्याची चाल सर्वत्र होती. फुंकरीतील दमटपणाने तांब्याची टोके उलट गंजतात. ती खोडरबराने हलकेच घासून स्पिरिटच्या बोळ्याने पुसावीत.

पालकांस एक विनंती. 'पुन्हा खेळच ना?' म्हणून मुलाच्या हातचे यंत्र हिसकून घेऊ नये. आधी त्याची वही मागावी. तीत वॉट, तास व गळती यांचा आकडा नीट मांडलेला असेल, तर त्या मुलाचा शाळेतील विजेचा धडा घरी उतरला, असे समजावे. वही कोरी असेल, तर सोल्डरची कांडी अद्याप त्याच्या हाती देऊ नये.